मोटारीचा फाटका बूट



काल याच जागेवरून आपण संतवाङ्मयावरचे व्याख्यान ऐकलेत, परवा राज्यघटनेवरचे ऐकलेत, आणि आज मी हातात हा काळाकुट्ट, चिकट, फाटका रबरी तुकडा घेऊन आपल्यापुढे उभा आहे. चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "मोटारीचा फाटलेला बूट घरच्या घरी कसा बदलावा." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मास्तर, विषय जरा व्यापक करता आला तर पाहा." मी पाहिले, पण तो काही व्यापक होईना. तेव्हा आहे तसाच घेऊन आलो आहे.

मी पेशाने शिक्षक. तांत्रिक शाळेत पोरांना यंत्ररेखन शिकवण्यात आयुष्य गेले. राहणे गिरगावात, चाळीत. ज्या अंगणात लहानपणी मे महिन्यात आम्ही गाद्या टाकून झोपत होतो, त्या अंगणात आता मोटारी झोपतात. आणि त्यांतली एक माझी आहे हे कबूल करतो. गाडी आहे म्हणजे गृहस्थ सधन असला पाहिजे, असा समज करून घेऊ नये. 2002 साली मी एक जुनी मारुती 800 घेतली, ती आईला दवाखान्यात न्यायला-आणायला. या गाडीनेच मला हा बूट दाखवला, आणि दाखवताना धडाही चांगलाच दिला. तो पुढे सांगेनच.

आधी बूट म्हणजे काय, ते पाहू. आपल्या मुंबईच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे जी काळीपिवळी टॅक्सी धावली, ती प्रीमियर पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. तिचे इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. इंजिनापासून मागपर्यंत एक लांब दांडा पोटाखालून जाई. पुढची चाके फक्त वळायची, ओढायची नाहीत. मागची ओढायची, वळायची नाहीत. एकाने एकच काम करावे अशी जुन्या घरातली वाटणी. डिसेंबर 1983 मध्ये मारुती आली आणि ही वाटणी मोडली. तिची पुढची चाके ओढतातही आणि वळतातही. पोटाखालचा लांब दांडा गेला, गाडी हलकी झाली, आत पाय पसरायला जागा झाली. पण एक नवे कोडे उभे राहिले. जे चाक उजवीडावीकडे वळते आहे आणि खड्ड्यांत वरखालीही होते आहे, त्याला इंजिनाचा जोर पोहोचवायचा कसा? ताठ दांडा तर तिथे चालणार नाही. दांड्याला सांधा हवा.

सांधा माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होता. रॉबर्ट हूक या सतराव्या शतकातल्या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा सांधा आपल्या मिस्त्रींच्या भाषेत 'क्रॉस' म्हणून प्रसिद्ध आहे. पद्मिनीच्या पोटाखालच्या दांड्याला तोच असे. पण त्याला एक खोड आहे. दोन दांडे एका रेषेत असले की तो गुणी. त्यांच्यात कोन पडला की तो अडखळतो. एक दांडा सारख्या वेगाने फिरत असला तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा मंद होतो. कोन 30 अंशांचा असेल तर सुमारे 13 टक्के मंद आणि 15 टक्के जलद. वळणावर अशी गाडी चालवली तर स्टिअरिंग हातात थरथरेल आणि आत बसलेल्यांना उचकी लागल्यासारखे होईल.

हे कोडे फोर्ड कंपनीतल्या आल्फ्रेड झेप्पा नावाच्या अभियंत्याने 1926 साली सोडवले. त्याच साली आपल्या परळला केईएम रुग्णालय सुरू झाले. या दोन गोष्टींचा संबंध माझ्या आयुष्यात पुढे भलत्याच रीतीने आला. झेप्पाने काय केले? एका वाटीत दुसरा गोलसर गड्डा बसवला, दोघांच्या अंगावर खाचा पाडल्या आणि त्या खाचांमध्ये सहा पोलादी गोळ्या ठेवल्या. गोळ्या इकडेतिकडे पळू नयेत म्हणून त्यांना एका पिंजऱ्यात डांबले. दांडा कितीही वळवा, या सहा गोळ्या दोन दांड्यांमधला कोन बरोबर निम्म्यावर कापणाऱ्या पातळीतच राहतात. त्यामुळे दोन्ही बाजूंना वेग तोच राहतो. 1959 साली अॅलेक इसिगोनिस याने इंग्लंडात 'मिनी' ही छोटी मोटार काढली आणि तिच्या पुढच्या चाकांना हेच सांधे लावले. तिथून ते जगभरच्या लहान गाड्यांत पसरले. इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन गॅरेजवाले त्याला 'सीव्ही जॉइंट' म्हणतात. एका एक्सलला असे दोन सांधे असतात. चाकाजवळचा बाहेरचा, आणि गिअरबॉक्सजवळचा आतला. आतल्यात पुष्कळदा गोळ्यांऐवजी तीन रोलर असतात, कारण त्याला वळायचे थोडे आणि लांबीत आतबाहेर सरकायचे अधिक.

आता हा एवढा सुबक, आरशासारखा घासलेला पोलादी सांधा ठेवायचा कुठे? चाकाच्या आतल्या अंगाला, रस्त्यापासून वीतभर अंतरावर, जिथे चिखल, वाळू, पाणी आणि खडी सतत उडत असते. म्हणून त्यात ग्रीस भरतात आणि वरून एक रबरी, चुण्यांचे पिशवीसारखे आवरण चढवतात. हाच तो बूट. बाजाच्या पेटीचा भाता आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याच्यासारख्याच याला चुण्या. दोन्ही तोंडांना पत्र्याचे पट्टे आवळलेले. आतले ग्रीस बाहेर जाऊ नये आणि बाहेरची वाळू आत येऊ नये, एवढेच त्याचे काम.

हे काम किती कष्टाचे आहे ते हिशेबानेच सांगतो, यंत्ररेखनाच्या मास्तराला तेवढी मुभा असावी. माझ्या गाडीचे चाक 12 इंची. टायरसकट त्याचा परीघ सुमारे एक मीटर साठ सेंटीमीटर. म्हणजे किलोमीटरला सव्वासहाशे फेरे. गिरगाव ते दादर आठ किलोमीटर धरले तर पाच हजार फेरे झाले. चाक वळलेले असताना प्रत्येक फेऱ्यात बुटाची प्रत्येक चुणी एकदा मिटते आणि एकदा उघडते. पेटीवाल्याने एका बैठकीत इतक्या वेळा भाता मारला असता तर त्याला मानपत्र दिले असते. वर्षे जातात, उन्हाने आणि इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होते, चुणीच्या तळाशी बारीक भेग पडते, आणि एके दिवशी ती उकलते. बाहेरचा बूट आधी फाटतो, कारण जास्त कोन त्याच्याच वाट्याला येतो.

फाटल्यावर काय होते? चाक फिरताना आतले ग्रीस गोफणीतून सुटावे तसे बाहेर फेकले जाते. रिंगच्या आतल्या अंगाला काळ्या ठिपक्यांची माळ उमटते. हीच पहिली खूण. ही फुकट मिळते, आणि आपण ती पाहत नाही. ग्रीस गेले की त्याच भेगेतून पाणी आणि वाळू आत शिरते. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी तुंबते आणि त्यातून आपण गाड्या घालतो, तेव्हा फाटक्या बुटात काय जात असेल याची कल्पना करा. ग्रीसमध्ये वाळू कालवली की ते ग्रीस राहत नाही, घासकागद होतो. मग दुसरी खूण: गाडी पूर्ण वळवून वेग दिला की चाकाकडून कट्-कट्-कट् असा आवाज येतो. हा आवाज आला म्हणजे सांध्याच्या खाचा झिजल्या. बूट काही शे रुपयांत येतो, सांधा बदलायचा तर काही हजार लागतात. पण पैशाची गोष्ट राहू द्या. मला दुसरी सांगायची आहे.

2006 सालच्या पावसाळ्याच्या तोंडावर मला रिंगवर काळी माळ दिसली. मी गाडी एका गॅरेजात दिली. नाव सांगत नाही. त्यात त्यांचा जितका दोष तितकाच माझा. संध्याकाळी गाडी परत मिळाली, नवा बूट चकचकीत दिसत होता, मी पैसे मोजले. वळताना बारीक आवाज येत होता तो येतच राहिला. मी विचारले तर उत्तर मिळाले, "नवीन आहे साहेब, बसेल हळूहळू." आवाज बसत नसतो, वाढत असतो, हे मला यंत्र शिकवणाऱ्या माणसाला कळायला हवे होते. पण पैसे दिलेल्या कामाची आपण तपासणी करीत नाही. पोरांच्या वहीतली एक रेघ वाकडी गेली तर लाल शाईने गोल करणारा मी, स्वतःच्या गाडीखाली एकदा वाकलो नाही.

जुलैच्या अखेरीस एका रात्री दीडच्या सुमारास आईला दम लागला. तिचे सगळे कागदपत्र केईएममध्ये होते, म्हणून तिला गाडीत घातले आणि निघालो. सात रस्ता, लालबाग, परळ. धो धो पाऊस. डॉ. आंबेडकर रस्त्यावरून केईएमकडे वळलो आणि खालून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा आवाज झाला. इंजिन चालू, गिअर पडतोय, पेट्रोल दिले की इंजिन ओरडतेय. पण गाडी जागची हलेना. एका बाजूचा सांधा फुटला की असेच होते. डिफरन्शियल नावाची जी योजना दोन चाकांत जोर वाटते, ती मोकळ्या सुटलेल्या बाजूलाच सगळे फिरणे देऊन टाकते. दुसरे चाक धडधाकट असूनही त्याच्यापर्यंत काही पोहोचत नाही. हे मला वर्गात फळ्यावर उत्तम समजावता येत असे. त्या रात्री मागच्या सीटवर आई तोंड उघडे टाकून श्वास ओढत होती आणि मी पेट्रोलवर पाय दाबत बसलो होतो.

एक पद्मिनी टॅक्सी थांबली. सातारकडचा गृहस्थ होता. त्याने काही विचारले नाही; आईला दोघांनी मिळून उचलून त्याच्या गाडीत ठेवली. जाता जाता माझ्या गाडीकडे पाहून तो म्हणाला, "बूट फाटला आसंल. आमच्याला ती भानगड न्हाई बघा." पाचच मिनिटांचे अंतर होते. पैसे घेतले नाहीत. आई त्या खेपेला बरी होऊन घरी आली. पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून उठली, तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ हळहळ छापून आली. माझ्या मनात मात्र ती मागच्या चाकांनी ढकलत जाणारी, पावसातली गाडी होती.

गाडी ओढून आणली ती गॅरेजात नाही, लालबागला एका फिटरमामांकडे. मामा गिरणीत फिटर होते. 1982 च्या जानेवारीत संप सुरू झाला, त्यानंतर ते पुन्हा गिरणीत गेले नाहीत. एका पत्र्याच्या शेडमध्ये वाइस बसवून लहानसहान कामे करीत. त्यांनी सांधा खोलला, नव्या बुटातले ग्रीस अंगठा आणि तर्जनी यांच्यात चोळले आणि माझा हात धरून माझ्याही बोटांत चोळले. कचकच लागली. म्हणाले, "मास्तर, ह्यांनी जखम धुतली नाही, वरून पट्टी बांधली." फुटलेला पिंजरा आणि खाचा खाल्लेली वाटी त्यांनी माझ्यापुढे मांडली. आणि पुढे म्हणाले, "तुम्ही पोरांना शिकवता ना? मग हे स्वतः करा. मी बसतो समोर."

अशा रीतीने मी शिकलो. पहिल्या खेपेला एक अख्खा रविवार गेला, हातांची सालपटे निघाली, आणि संध्याकाळी सगळे जोडून झाल्यावर लक्षात आले की एक पट्टा दांड्यावर घालायचाच राहिला आहे. पुन्हा सगळे उघडले. मामा हसले नाहीत. त्यांनी चहा मागवला.

आता कृती सांगतो. ज्यांना करायची नाही त्यांनीही ऐकावी, म्हणजे करून घेताना कुठे पाहायचे ते कळेल.

सर्वांत आधी जिवाची गोष्ट. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीराचा कोणताही भाग घालायचा नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नाही. गाडी उचलली की सपाट, कठीण जमिनीवर लोखंडी घोडी लावायची आणि भार तिच्यावर घ्यायचा. विटा रचू नयेत, फुटपाथवरचे सिमेंटचे ठोकळे तर मुळीच नको. ते न सांगता फुटतात. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना पुढूनमागून लाकडी पाचरी द्यायच्या. रस्त्यावर हे काम करू नये, चाळीच्या अंगणात सगळ्यांना सांगून करावे, आणि मुलांना लांब ठेवावे. माझ्याहून हुशार माणसांनी घाईत हा नियम मोडला आहे. माझ्याकडून दुसरे काही ऐकले नाहीत तरी चालेल, एवढे ऐका.

चाकाच्या मध्यभागी एक मोठा नट असतो. तो एक्सलला चाकाच्या हबशी जखडून ठेवतो. तो गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचा, दुसऱ्याला ब्रेकवर पाय ठेवायला बसवून. त्याला पिन असेल तर ती काढायची, ठोकून बसवलेला असेल तर ती ठोक उचकटायची. हा नट फार ताकदीने आवळलेला असतो, म्हणून लांब दांड्याचा पाना हवा. सासरेबुवांनी दिलेल्या पान्याच्या संचात तो नसतो. आणि नट सैल झाल्यावर गाडी हातभरही पुढेमागे ढकलायची नाही, नाहीतर चाकाचे बेअरिंग दुखावते.

मग गाडी उचलून घोडीवर ठेवायची, चाक काढायचे, खालचा बॉल जॉइंट सोडवायचा आणि हब बाहेरच्या बाजूला ओढून एक्सलचे टोक त्यातून मागे सरकवायचे. ते अडकले तर हातोडी थेट आट्यांवर मारू नये. नट टोकाशी उलटा फिरवून त्यावर लाकूड धरून हळूच ठोकावे. ब्रेकची नळी ताणू नये आणि नव्या गाड्यांत चाकाजवळची ब्रेकची वायर जपावी. आतले टोक गिअरबॉक्समधून टॉमीने उचकटून काढायचे. इथे गिअरचे तेल बाहेर येते. मला हे ठाऊक होते आणि तरीही पहिल्या खेपेला खाली परात ठेवायला विसरलो. ते तेल अंगणातून वाहत शेजाऱ्यांच्या तुळशीपर्यंत गेले. जमा केलेले तेल गटारात ओतू नये, गटार शेवटी चौपाटीलाच जाते. डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्यावे.

एक्सल आता हातात आला. माझ्या गाडीत बाहेरचा सांधा दांड्यावरून काढायचा नसतो. म्हणून आतला सांधा खोलून, त्याचे लॉक काढून, दांडा त्या टोकाने मोकळा करायचा आणि बाहेरचा बूटही तिकडूनच चढवायचा. काही गाड्यांत बाहेरचा सांधा ठोकून निघतो. तुमच्या गाडीची पुस्तिका पाहा. तीन रोलरांचा तुकडा काढण्यापूर्वी दांड्यावर आणि त्यावर रंगाची एक टिकली लावा, म्हणजे तो जसा होता तसाच बसेल.

आणि आता खरी जागा आली. जुना बूट कापून टाकला की हात थांबवायचा आणि पाहायचे. गॅरेजात वेळ वाचवतात तो इथे. सांध्यातले सगळे जुने ग्रीस पुसून काढायचे, एकदा नाही, फडके काळे व्हायचे थांबेपर्यंत. रॉकेलने धुतले तर ते पूर्ण सुकले पाहिजे, त्याचा थेंबही राहता कामा नये. रबर आणि ग्रीस दोघांचा तो शत्रू. मग टॉर्च घेऊन सांधा एकेका बाजूला वाकवत प्रत्येक खाच आणि प्रत्येक गोळी पाहायची. गोळी धावल्याची गुळगुळीत चकाकी असेल तर हरकत नाही. खड्डे, पोपडे, निळसर झालेले पोलाद किंवा पिंजऱ्याला तडा दिसला तर बूट चढवायचा नाही, सांधाच बदलायचा. गाडी वळताना आवाज करीत होती का हेही इथे आठवायचे. ती आवाज करीत असेल तर नवा बूट म्हणजे फसवणूक, दुसऱ्याची किंवा स्वतःची.

कोणी म्हणेल, मग आख्खा तयार एक्सलच का आणू नये? ऑपेरा हाऊसच्या बाजूला सुट्या भागांच्या दुकानांत तो मिळतो, आणि बसवायलाही सोपा, कारण सांधा उघडावा लागत नाही. खरे आहे. सांधा गेला असेल तर मी तेच करतो. पण बूट वेळेवर पाहिला असेल आणि सांधा निरोगी असेल, तर मूळचे पोलाद टाकून स्वस्तातले अनोळखी पोलाद बसवणे मला पटत नाही. शिवाय चांगली वस्तू भंगारात घालवणे आमच्या पिढीला जमत नाही, हा दोष समजा.

बूट चढवताना दांड्याच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर ते दाते नव्या बुटाला आतून कापतात आणि दोन महिन्यांनी तुम्ही पुन्हा माझ्यासारखे उभे. आधी लहान पट्टा, मग बूट, मग मोठा पट्टा; हा क्रम मी झोपेतही चुकत नाही आता. ग्रीस बुटाबरोबर पुडीत येते तेच वापरायचे, त्या पुडीतले सगळे. त्यात मॉलिब्डेनम असते म्हणून ते काळे दिसते, आणि सांध्यातला दाब तेच सोसते. घरातल्या डब्यातले पिवळे ग्रीस इथे चालत नाही. अर्धे सांध्यात बोटांनी दाबून भरायचे, उरलेले बुटात. बुटाची दोन्ही तोंडे आपापल्या खाचेत बसली, पीळ पडला नाही, हे पाहून मोठा पट्टा आवळायचा. लहान आवळण्यापूर्वी एक बोथट, बारीक पेचकस तोंडाशी सरकवून आतली हवा जाऊ द्यायची, म्हणजे बूट फुगलेला किंवा चेपलेला राहत नाही.

जोडणी म्हणजे उलटा प्रवास. त्यात दोनच गोष्टी सांगतो. आतले टोक गिअरबॉक्समध्ये शिरले की 'टक्' असा आवाज होऊन लॉक बसते. हाताने ओढून पाहा, निघता कामा नये. आणि चाकाचा मधला नट अंदाजाने आवळायचा नाही. पुस्तिकेत जो जोर दिला असेल तितकाच, मापाच्या पान्याने, गाडी जमिनीवर उतरवून, ब्रेकवर माणूस बसवून. मग त्याचे लॉक. मापाचा पाना महाग असतो, पण आमच्या चाळीत चौघांनी मिळून एक घेतला आहे आणि तो गणपतीच्या वर्गणीच्या पेटीइतक्याच काळजीने ठेवला जातो. शेवटी गिअरचे तेल पाहून भरायचे, चाकाचे नट समोरासमोरचे आवळायचे, आणि पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा एकदा वाकून पट्टे पाहायचे.

मागच्या वर्षी माझी भाची टॉर्च धरून उभी होती. कॉलेजात आहे. तिने विचारले, "मामा, हे फाटणारच असेल तर न फाटणारं का नाही करत?" प्रश्न चांगला होता. मी म्हटले, जे वाकते ते कधीतरी फाटणार. न वाकणारे आवरण केले तर चाक वळणार नाही. अलीकडे काही गाड्यांना प्लास्टिकसारख्या अधिक चिवट द्रव्याचे बूट असतात, ते जास्त टिकतात, पण तेही अमर नाहीत. मग ती म्हणाली, विजेवरच्या गाड्या आल्या की हे सगळे जाईल. मी तिला आमच्याच अंगणातल्या एका विजेच्या मोटारीखाली वाकायला लावले. इंजिन नाही, धूर नाही, पेट्रोल नाही. पण मोटरपासून चाकापर्यंत तेच दोन एक्सल आणि तेच चार बूट. ती बराच वेळ खाली वाकून पाहत होती. शेवटी मीच विचारले, "काय गं?" तर म्हणाली, "डावीकडचा बाहेरचा, एका चुणीत बारीक चीर आहे. ग्रीस अजून बाहेर नाही आलं." गाडी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांची. आम्ही दोघे जिना चढून त्यांना सांगायला गेलो.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिले, मी ते पाहिले. हा माझ्या हातातला बूट त्याच 2006 सालचा, आणि पिशवीत तो फुटलेला सांधा आहे. फिटरमामा आता नाहीत, त्यांनीच तो माझ्याकडे ठेवायला दिला होता. पहिल्या ओळीपासून फिरवा. मी तो मुद्दाम धुतलेला नाही. आत बोट घालून अंगठ्याशी चोळून पाहा. फडके सोबत ठेवले आहे, आणि मागच्या ओळीतून परत आले की सहा गोळ्या मोजून घ्यायच्या आहेत.